गार घरात आणू नये

१

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा बापाच्या खांद्यावर बसलो होतो.

लांब कुठंतरी धानाची मोठी गिरणी चालू आहे, पण ती जमिनीवर नाही, वर आहे, असा तो आवाज होता. वारा अजिबात नव्हता. बांधावरच्या पळसाचं पान हलत नव्हतं. आमच्या इकडच्या प्रतापगडच्या डोंगरामागून ढग वर आला होता. खालच्या अंगाला तो हिरवट होता, तांब्याचं भांडं बरेच दिवस घासलं नाही की दिसतं तसा. बाप गावाच्या शिवेवर, गावाकडं पाठ करून उभा होता. त्याच्या हातात काही नव्हतं. दारात आलेल्या माणसाला घरात जागा नाही हे सांगायचं असलं की जसं उभं राहतात, तसा तो उभा होता.

आवाज वाढला. मग एका जागी थांबला. थांबला म्हणजे बंद झाला नाही, उभा राहिला. मग डाव्या अंगाला सरकत सरकत दुसऱ्या गावांकडं गेला.

आम्ही गारपगारी. गावावर येणारी गार परतवायची आणि सुगीला घरोघरचं धान घ्यायचं, हे आमच्या जुन्या माणसांचं काम. माझ्या बापाचं नाव मनिराम. हे काम करणारा आमच्या घरातला तो शेवटचा.

परत आलो तर आई अंगणाच्या कवाडात उभी होती. तिनं बापाला आत येऊ दिलं नाही. आधी त्याच्या केसांतून बोटं फिरवली, धोतर झटकलं, पायताणं उलटी करून आपटली. मग मला खाली उतरवून माझेही केस चाचपले.

"काऊन वं माय?" मी विचारलं.

"आपन त्याले परत लावतो बापू. त्याचं काही आपल्या घरात राहू नाई. राहिलं तं तो घ्याले येते."

"मंग देऊन टाकाचं."

माझी मुंडी आईनं पुन्हा एकदा चाचपली, जरा जास्तच जोरात.

त्या संध्याकाळी मी रडलो. भीती वाटली म्हणून नाही. गारा पाहायला मिळाल्या नाहीत म्हणून रडलो.

२

हे वेड मग गेलंच नाही. शाळा दुसरीत सुटली. जंगल खात्यात मजुरीला लागलो, उन्हाळ्यात मचाणावर बसून वणवा कुठं लागला ते पाहायचं काम. लोक धूर पाहत, मी ढग पाहायचो. वादळ कुठं उठतं, कुठं वाकतं, कोणत्या डोंगराला घासून जातं, सगळं लांबून पाहिलं. विजा पाहिल्या. सागाचं झाड मुळासकट उपटून पडलेलं पाहिलं. पण सगळं दुसऱ्याच्या अंगणातलं. आमच्या गावावर गार पडली नाही. बाप मेला त्यालाही किती उन्हाळे झाले, तरी नाही.

गावातले म्हातारे म्हणत, मनिरामनं बांधून ठेवलं आहे. मी म्हणायचो, डोंगर आडवा आहे म्हणून. मला तसंच वाटायचं.

कुठं गारपीट झाली कळलं की मी सायकल काढायचो. पोहोचेपर्यंत गारा विरघळलेल्या असायच्या. घरांवरची फुटलेली कवेलू, म्हणजे कौलं, झोपलेलं धान, मेलेले बगळे, आणि डोक्याला हात लावून बसलेली माणसं, एवढंच असायचं. लाज वाटायची. तरी पुढच्या वेळी जायचो. आणि परत येताना वाटायचं, एकदा माझ्या घरावर यावं. नुकसान नको कोणाचं. फक्त माझ्या अंगणात पडावं आणि मी पडवीत बसून पाहावं.

माझी बायको रुख्मा हसायची. रुख्मा बोलकी बाई. मी दिवसातून जेवढं बोलतो तेवढं ती एका दमात बोलायची. देवेंद्रनं, म्हणजे आमच्या पोरानं, हैदराबादहून येताना मोबाईल आणला आणि त्यात ढग दिसतात ते लावून दिलं. हिरवा म्हणजे साधा पाऊस, पिवळा, मग लाल, आणि जांभळा म्हणजे गार. मी ते घेऊन बसलो की रुख्माची सुरुवात व्हायची.

"पाहा बुढ्याचं! म्हातारपनी लोक पोथी वाचते, हा बाप्पा ढग वाचून राहिला. अजी, मी नवं लुगडं नेसली तवा येवढं पाहिलं होतं का कधी?"

"पाहिलं होतं."

"कोन्या रंगाचं होतं?"

मला सांगता यायचं नाही. ती टाळी वाजवून हसायची.

मोबाईलवर मी एक गोष्ट खूपदा पाहिली. लाल ढग प्रतापगडवरून यायचा, आमच्या गावापाशी दोन फाके व्हायचे, आणि पुढं केशोरीकडं जाऊन पुन्हा एक व्हायचे. नाल्यातल्या दगडाला पाणी वळसा घालतं तसं. त्या वेळी माझा जीव कसा व्हायचा ते सांगता येत नाही. आवडीचा माणूस दारावरून जावा आणि आपल्याकडं पाहू नये, तसं.

रुख्माची आणखी एक सवय सांगतो. घरातून बाहेर पडताना, बाजाराला असो की नुसतं बोअरिंगवर पाण्याला, ती कवाडात वळायची आणि काहीतरी सांगायची. दूध चुलीवर आहे. कोंबड्या झाका. आलीच मी. इतक्या वर्षांत ती न बोलता कवाडाबाहेर गेली नाही.

३

यंदा मोहफुलं वेचून झाली आणि यादोरावचा फोन आला. यादोराव माझ्यासोबत मचाणावर असायचा, मला झाडू या नावानंच हाक मारायचा. त्याचं गाव डोंगराच्या पलीकडं.

"झाडू, गार झाली रे. घर फुटलं."

मी सायकल काढली. त्याच्या घराला छप्पर म्हणून काही राहिलं नव्हतं. कवेलूंचा खच पडला होता. यादोराव खाटेवर बसला होता, आणि त्याच्या वर सरळ आभाळ होतं.

"आला?" तो म्हणाला. "आमचं वाटोळं झालं, आन तू गारा पाहाले आला."

"तुले पाहाले आलो."

"खोटं नोको बोलू. इतक्या वर्सांत माह्या पोराच्या लग्नालेही सायकल येवढी जोरात नाई आनली तू."

मग तो स्वतःच उठला. गोठ्यामागं तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग होता. धानाच्या तणसात गार लवकर विरत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यानं हात खुपसून एक गार काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवली.

मोठ्या लिंबाएवढी होती. बाहेरून खडबडीत, आत एकावर एक पापुद्रे, कांद्यासारखे. मी ती उन्हात धरली. जन्मात पहिल्यांदा आख्खी गार हातात आली होती.

"ने," यादोराव म्हणाला. "तुमच्या गावाले तं येत नाई. कोनाच्या घरचं कोनाले, पन ने."

त्याच्या बोलण्यात राग होता की माया होती, मला कळलं नाही. मी स्टीलच्या डबीत तणस घातलं, त्यात गार ठेवली. केस झटकले नाहीत. पायताणं आपटली नाहीत. आई आठवली, तरी.

४

देवेंद्रनं घेऊन दिलेला फ्रीज आमच्या मधल्या खोलीत आहे. वरच्या कप्प्यात बर्फाचा साचा, नातीसाठी आणून तशीच राहिलेली पेप्सी. त्याच्या मागं मी डबी सरकवली. रुख्माला सांगितलं नाही. सासूनं केस चाचपलेले तिला माहीत होते. लग्नानंतर पहिल्या काही उन्हाळ्यांत तीही तसंच करायची.

ती घरात नसली की मी डबी काढायचो. पडवीच्या उजेडात नेऊन पाहायचो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दिसलं की गारेच्या अगदी मधोमध धानाचा एक दाणा आहे. सालीसकट, पिवळा, धड. मनाला म्हटलं, वारा खळ्यावरचं धान उचलतो, वर नेतो, त्यावर पाणी गोठतं. मोबाईलवर देवेंद्रनं असंच काहीतरी सांगितलं होतं.

मग एका दुपारी वारा सुटला, केशोरीच्या रस्त्यावर खांब पडले, आणि लाइन गेली. ती आलीच नाही. गावातले लोक लाइनमनला फोन लावून थकले. मे महिना. घरात भट्टी. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून पाणी वाहून खोलीभर झालं. रुख्मानं पुसून काढलं, शिव्या देत. साच्यातला बर्फ गेला, पेप्सी गरम झाली, दूध नासलं.

ती अंगणात गेल्यावर मी डबी काढली. वाटलं होतं, पाणी असेल आणि पाण्यात दाणा.

गार होती तशी होती. तणस कोरडं होतं.

मी फ्रीजच्या कप्प्यात हात घातला. कप्पा कोमट होता. डबीच्या बाहेरून हात लावला, डबी कोमट होती. आतमध्ये गार. तिचे पापुद्रे मी मोजत नव्हतो, पण कडा तशाच धारदार होत्या.

५

मी कमी शिकलेला माणूस आहे, पण विचार करतो. स्टीलची डबी थंडी धरते, म्हटलं. तणस धरते. पण मग साच्याच्या शेजारचा साधा बर्फ का गेला? कदाचित ही गार नसेल, काच असेल. जीभ लावायचा विचार आला. लावली नाही. नखानं टोकरलं तर बारीक चुरा निघाला, आणि बोटावर पाणी झाला. गारच होती.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. दुपारी आमच्या कोंबड्या मधल्या खोलीत फ्रीजखाली गारव्याला बसतात. त्या बसत नव्हत्या. अंगणात उन्हात, चोची उघड्या टाकून उभ्या होत्या, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. प्रतापगडकडं.

ठरवलं, गार बोडीत टाकून द्यायची. आमच्या शेताला लागून बोडी आहे, उन्हाळ्यातही तिच्यात कंबरभर पाणी असतं. टाकून यायचं आणि संपलं. पण त्या दिवशी मी गेलो नाही. का गेलो नाही, तर आणखी एकदा पाहू, असं वाटलं. सकाळच्या उन्हात ती कशी दिसते ते पाहिलं नव्हतं.

सकाळी पाहिली. फार सुंदर दिसली. परत डबीत ठेवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेलो. म्हटलं, आल्यावर नेतो.

आलो तर डबी ओट्यावर पालथी होती. घासलेली.

रुख्मा खाटेवर पदरानं वारा घेत बसली होती. तोंड कसं निवलेलं.

"डबीत होतं ते कोठी गेलं?" मी विचारलं.

"काय होतं डबीत? बर्फ होता. सगळा गेला, तेवढाच राहिला होता तणसात. आयडिया चांगली केली जी तुमी, मले सांगाचं तरी. पान्यात टाकला आन पेली."

"सगळं पेली?"

"मंग काय तुमच्यासाठी ठेवू? चार दिवसांत घशाले थंड लागलं नाई." ती हसली. "मधात धानाचा दाना होता. गिळला बाप्पा. धान काय, देवाचंच. अजी, असे काऊन पाहून राहिले? ढग दिसून राहिला का माह्या तोंडावर?"

मी म्हटलं, काही नाही.

तिला सांगायला हवं होतं का? सांगून काय झालं असतं? उलटी करायला लावली असती? त्या वेळी मला वाटलं, भीती एकट्यालाच असू द्यावी.

६

आधी हात थंड झाले. भाकरी थापताना तिचा हात माझ्या हाताला लागला, विहिरीतून काढलेल्या कळशीसारखा. ताप असेल म्हणून केशोरीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ताप नाही, अशक्तपणा आहे, जेवण वाढवा. चांगले डॉक्टर होते. तिला आजी म्हणाले. एरवी तिनं त्यांना लग्न झालं का इथपासून विचारलं असतं. ती गप्प बसून खिडकीबाहेर पाहत होती.

मग बोलणं कमी झालं. घर ऐकू यायला लागलं. आढ्याची कुरकुर, लाइन परत आल्यापासून फ्रीजची घरघर, माठातून गळणारं पाणी, हे सगळं आमच्या घरात होतं हे मला माहीतच नव्हतं. तिच्या बोलण्याखाली झाकलेलं होतं.

दुपारची ती अंगणात जाऊन उभी राहायची. घराकडं पाठ, तोंड प्रतापगडकडं. कोंबड्या तिच्या भोवती, त्याच बाजूला तोंड करून. मी हाताला धरून आत आणायचो. ती यायची, निमूट. अंथरुणावर ती निजलेली जागा हाताला ओली लागायची.

एक दिवस तिनं चहा केला आणि तीन कप भरले.

"तिसरा कोनाचा?" मी विचारलं.

"कवाडापाशी उभा आहे ना." तिचा आवाज साधा होता, पाहुण्याबद्दल बोलावा तसा. "येवढ्या उन्हात माणसाले उभं काऊन ठेवता? आत या म्हना."

मी कवाडाकडं पाहिलं. ऊन होतं. कवाडावरचा दोडक्याचा वेल होता. कोणी नव्हतं.

"कोन आहे, रुख्मे?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मीच गंमत करतो आहे. मग तिसरा कप उचलून ती अंगणात गेली, कवाडाजवळच्या दगडावर ठेवून आली. थोड्या वेळानं मी जाऊन पाहिलं. चहाला वरून बारीक बर्फाची साय आली होती. मे महिन्याच्या उन्हात. मी कप तिथंच ओतून दिला. भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहिलो.

त्या दुपारी ती खाटेवर कुशीवर पडली असताना मी तिच्या पाठीला कान लावला. लग्न नवीन होतं तेव्हा लावायचो, तिचं काळीज ऐकायला. तिला गुदगुल्या व्हायच्या.

काळीज ऐकू आलं नाही. आधी वाटलं, काहीच नाही. मग खूप आतून, जणू तिच्या पाठीमागं डोंगर असावेत आणि त्यांच्याही पलीकडून, ती गिरणी ऐकू आली. एका जागी उभी असलेली.

७

मोबाईलवर प्रतापगडच्या वर एक जांभळा ठिपका होता. मसुराच्या दाण्याएवढा. इकडचे तिकडचे ढग सरकायचे, विरायचे. तो सरकत नव्हता. तिनं पाणी पिलं त्या दिवसापासून तो तिथंच होता की आधीपासून, ते मी सांगू शकत नाही. देवेंद्रला फोन लावला.

"बाबा, मोबाईल हँग झाला असन. बंद करून चालू करा."

बंद करून चालू केला. ठिपका होता.

"तुज्या मोबाईलमधी पाहा."

त्यानं उघडून पाहिलं. "माझ्यात तर काही नाही दाखवत, बाबा. आभाळ साफ आहे तुमच्याकडं. आई कुठं आहे? द्या ना आईला."

मी रुख्माच्या कानाला फोन लावला. पोराचा फोन म्हणजे तिचा सण असायचा. देवेंद्र तिकडून आई, आई म्हणत होता. ती ऐकत होती. चेहरा मायेचा होता, पण लांबचा, गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्या माणसासारखा. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी फोन काढून घेतला आणि देवेंद्रला म्हटलं, आई झोपली आहे.

फोन ठेवला तेव्हा ठिपका सुपारीएवढा झाला होता, आणि डोंगरावरून अलीकडं आला होता.

बाहेर पळसाचं पान हलत नव्हतं.

८

मी शिवेवर गेलो. बापाची जागा मला माहीत होती. तिथं आता सिमेंटचा पाट आहे आणि सरकारी पाटी आहे, पण बांध तोच.

मी हे काम शिकलो नव्हतो. मोठा झाल्यावर एकदा बापाला विचारलं होतं, मंत्र कोणता. तो खाटेवरून म्हणाला होता, "मंत्र नाई रे काही. नोको म्हनाचं. पन खरं म्हनाचं. त्याले खोटं कळते." मला तेव्हा वाटलं, म्हातारा सांगायचं टाळतो आहे.

ढग आला. खालून हिरवट. आवाज आला. मी गावाकडं पाठ केली, हात मोकळे सोडले आणि म्हटलं, नोको. मोठ्यानं म्हटलं. माझी बायको आत आहे, म्हटलं. तिला काही माहीत नव्हतं. तहान लागली म्हणून पिली. दुसरं काही ने, बैल ने, घर ने. मला ने. आजपर्यंत मी एवढं एका वेळी कोणाशी बोललो नव्हतो.

आवाज वाढत गेला आणि उभा राहिला.

माझ्या डोक्याच्या अगदी वर तो उभा होता. मला वाटलं, झालं. परततो आहे. आता डाव्या अंगाला सरकेल.

तेवढ्यात पहिला गार वारा तोंडावर आला. त्याला कुटलेल्या पानांचा वास होता. ढगाचं पोट फिरत होतं, आत पांढऱ्या भिंती चढत होत्या, एकीतून दुसरी, एवढ्या जवळून मी ते कधी पाहिलं नव्हतं, कोणीच पाहिलं नसेल. मी नोको म्हणत होतो. म्हणत राहिलो. गालाला कसलीतरी ओढ लागल्यासारखी वाटली म्हणून हात लावला.

मी हसत होतो.

हात लावूनही हसू जाईना. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, नोको, नोको. आणि वरून पहिली गार पडली. पाटाच्या सिमेंटवर फुटली. मग दुसरी, गावाच्या बाजूला. माझ्या पाठीमागं.

९

मी धावलो. या वयात जेवढं धावता येतं तेवढं. पाठीवर, खांद्यावर मार बसत होता. गावात कवेलू फुटत होती, कुणाचं जनावर हंबरत होतं, यादोरावच्या गावात ऐकायला न मिळालेलं सगळं माझ्या गावात होतं.

कवाड उघडं होतं. मी आत पाय ठेवला आणि थांबलो.

अंगण पांढरं झालं होतं. तुळशीचा ओटा, पाट्याचा दगड, उलटी टोपली, सगळं गोल गोल पांढरं, आणि त्यावर पडणारी गार उसळून पुन्हा वर येत होती, लाह्या फुटतात तशी. लहानपणापासून जे डोळ्यांपुढं होतं ते असंच होतं. असंच, माझ्या घरी. मी पाहत उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. थोडाच असेल. पण तेवढा वेळ मी घराच्या दाराकडं पाहिलं नाही.

पाहिलं तेव्हा ती पायरी उतरत होती.

तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं. लग्नानंतर पहिल्या पोळ्याला घेतलेलं, ते. मला रंग आठवला. केस विंचरलेले होते. पाय उघडे. ती गारांवरून चालत होती आणि तिच्या अंगावर एकही गार पडत नव्हती. तिच्याएवढी जागा मोकळी सोडून सगळं पडत होतं.

तिच्या शेजारी आणखी एक मोकळी जागा होती. माणसाएवढी, जरा उंच. तिथंही गार पडत नव्हती. त्या जागेतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. रुख्मा पाऊल उचलायची, तेव्हा ती जागाही पुढं सरकायची. ती थांबली, तेव्हा तीही थांबली.

मी हाक मारली. माझी हाक मलाच ऐकू आली नाही, एवढा तो आवाज होता. तो वरून येत नव्हता आता. अंगणात होता.

ती माझ्याजवळून गेली. लुगड्याचा पदर माझ्या हाताला लागला. मी तो धरला असता. बोटं मिटायला गेलो, तर ती थंडीनं मिटतच नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलं, ओळखून पाहिलं, एवढं मी शपथेवर सांगतो. डोळ्यांत राग नव्हता.

कवाडापाशी ती पोहोचली. आता वळेल, असं मला वाटलं. कोंबड्या झाका म्हणेल. आलीच मी म्हणेल. मी तिथंच उभा राहिलो, सवयीनं, ऐकायला.

दोडक्याच्या वेलाखालून ती वाकून बाहेर पडली, आणि शिवेच्या रस्त्यानं, त्या मोकळ्या जागेच्या पावलाशी पाऊल जुळवत, चालत गेली.